डोमाजींची थोरली चरखी

डोमाजी रोज सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहून गळाचा दोरा गुंडाळायची पितळेची एक चरखी हातात उंच धरत आणि तिची मूठ तीनदा गरागरा फिरवत. गळ पाण्यात नाही, दोरा सोडलेला नाही, मासा तर कुठेच नाही. नुसता आवाज. कर्रर्र, कर्रर्र, कर्रर्र. मग मान जराशी तिरपी करून ते पलीकडच्या काठाकडे पाहत, खाकरत आणि त्यानंतरच मासे धरायला बसत.

मी त्यांच्या घरात खोली घेतली त्याच्या दुसऱ्याच सकाळी हे पाहिलं आणि विचारलं, "हे काय करता?"

"हजेरी," ते म्हणाले.

"कोणाची?"

"कायद्यानं असते जी."

माझं समाधान झालं नाही. पण मी नवा होतो आणि ते माझे घरमालक होते, म्हणून मान डोलावली. पुढची दोन वर्षं मी त्यांच्यासमोर बहुतेक मानच डोलावत आलो.

नागभीडहून ब्रह्मपुरीकडे जाताना धानाच्या बांध्यांमध्ये हे गाव लागतं. तिथल्या शाळेत मला मास्तरकी मिळाली होती. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढणारा मी पहिला, आणि नागपूरला राहून बी.ए. झालेला तर आमच्या पंचक्रोशीतच पहिला. घरच्यांनी मला नांगराला हात लावू दिला नाही, म्हणून शिकलो. त्याची जाण मला होती आणि आहे. मात्र बी.ए. झालेल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट समजते, असं त्या गावाचं ठाम मत होतं. दुखणाऱ्या दाढेपासून सरकारी नोटिशीपर्यंत सगळं माझ्याकडे येई. त्यातलं मला काहीच समजत नसे. आणि सर्वांत कमी समजले ते डोमाजी.

डोमाजी जातीने ढिवर. ढिवरांचं जीवन जाळ्यावर. त्यांचे मोठे भाऊ कवडू हे तलावापलीकडच्या ढिवरटोलीचे प्रमुख. त्यांनी एकदा जाळं फेकलं की टोपली भरून मासे निघत. पण डोमाजी तरुणपणी जंगल खात्यात एका इंग्रज साहेबाचे चपराशी झाले. साहेबाला मासे धरायचा नाद होता. साहेब पुढे गळाची वेताची काठी घेऊन चाले आणि मागे डोमाजी चामड्याची पेटी घेऊन. अशी वीस वर्षं गेली. राज्य बदलायच्या आधी साहेब कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याने ती पेटी डोमाजींच्या हातात दिली. आत तीन चरख्या होत्या.

त्या तिन्ही साहेबाच्या बापाच्या काळच्या होत्या. पितळेच्या, शिंगाच्या मुठीच्या, पाठीवर इंग्रजी अक्षरं कोरलेल्या. दुसऱ्या कोणी त्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवल्या असत्या आणि पाहुणा आला की काढून दाखवल्या असत्या. डोमाजी रोज त्यांनीच मासे धरत. त्यांना त्यांनी नावंही दिली होती. थोरली, मधली आणि धाकली. मधली सोमवार ते बुधवार, धाकली गुरुवार ते शनिवार, आणि रविवारी थोरली. साहेबाचा रेशमी दोरा केव्हाच कुजून गेला होता. त्याच्या जागी आरमोरीहून आणलेला कोशाचा, म्हणजे टसरचा, पीळदार दोरा आला होता. साहेबाच्या वेताच्या काठीच्या जागी बांबू, आणि तेल मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं. रोज संध्याकाळी पडवीत बसून ते तिघींना तेल लावत. "इंग्रजी तेलानं ह्या कुरकुर करत जी," ते मला सांगत. "आपलं तेल मानवलं ह्याईले."

तिघींपैकी मधली आणि धाकली मुक्या झालेल्या होत्या. त्या नीट फिरत, पण आवाज करत नसत. थोरलीच्या पोटात मात्र एक बारीक पोलादी पट्टी होती. मूठ फिरली की ती दातेरी चाकावर आपटे आणि असा आवाज निघे की अख्ख्या तलावावर ऐकू जाई. म्हणून वार कोणाचाही असो, थोरली रोज सोबत जायचीच. हजेरीपुरती.

मासे धरायची त्यांची रीतही मला कळली नाही. एक मासा मिळाला की ते थांबत. दुसरा चुकून गळाला लागलाच तर त्याला काढून पाण्यात सोडत आणि म्हणत, "तू उद्या ये. आज भरती झाली."

एकदा मी धीर करून म्हटलं, "डोमाजी, जाळं टाकलं तर अर्ध्या तासात आठवड्याचे मासे निघतील. तुम्ही तीन तास एका मरळीसाठी बसता."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "गुरुजी, जाळ्यात मासा काही कसूर नसताना येते. रस्त्यानं चालला होता बिचारा, सापडला. इथी तसं नाई. इथी त्यानं सोता तोंड उघडलं पायजे. कायद्यानं."

वर्गात मी तर्काने विचार करायला शिकवत असे. ह्या तर्कात चूक कुठे आहे ते शोधण्यात माझी एक रात्र गेली. सापडली नाही.

शेजारच्या सगुणाबाई म्हणत, "गुरुजी, तुमी त्याले इचारूच नोका. एकदा मी इचारलं, एवढं तेल चरखीले लावता, डोक्याले काऊन नाई लावत? तं म्हणते, डोकं जमा करा म्हणून कोणी मांगणार नाई."

कवडूभाऊंशी त्यांचं अकरा वर्षांपासून बोलणं नव्हतं. ती हकिगतही सगुणाबाईंनीच सांगितली. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सगळी ढिवरटोली मिळून मोठं जाळं ओढते आणि मासळीचे सारखे वाटे घालते. नोकरी संपवून आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात डोमाजी जाळं ओढायला गेले नाहीत. पेटी घेऊन काठावर बसले. कवडूभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "ढिवराचा पोरगा चरखी फिरवते? सूत काततं काय बे?" लोक हसले. डोमाजी म्हणाले, "सूत तरी कामी येते. तुमचं जाळं अर्धं फाटलं हाये." मग कवडूभाऊंनी थोरली हिसकावली आणि तलावात फेकली.

डोमाजींनी अंगरख्यासकट उडी घेतली. तीनदा खाली गेले, तिसऱ्यांदा ती घेऊनच वर आले. चिखलाने माखलेले ते काठावर उभे राहिले, तेव्हा कवडूभाऊ ओरडले, "आता तुह्या दारात पाय ठेवीन तं तू मेल्यावरच! खांदा द्याले येईन. तोवर माह्यासमोर ह्याचं नाव काढलं त्याच्याशी माहं बोलणं बंद!"

कवडूभाऊंचा शब्द टोलीत मोडत नसत. अकरा वर्षं त्यांच्यासमोर कोणी डोमाजींचं नाव घेतलं नव्हतं. दोघे भाऊ एकाच तलावाच्या दोन काठांवर राहत आणि रोज त्याच पाण्याकडे पाहत. पण मला वाटे, दोघेही एकमेकांना विसरले असावेत. डोमाजींच्या तोंडी कधी भावाचा विषय नसे. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्यांच्या बोलण्यात फक्त साहेब, चरख्या आणि कायदा.

एका बुधवारी सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर परत आले. हातात मासा नव्हता. चेहरा असा की मला वाटलं, कोणी वारलं.

"थोरली बोलत नाई," ते म्हणाले.

पट्टी तुटली होती. त्यांनी दोन तुकडे तळहातावर ठेवून मला दाखवले. मी म्हटलं, "पण ती फिरते ना? मासे तर धरता येतील." ते तुकडे जुळवून पाहत राहिले. "आणि मधली, धाकली आहेतच की," मी पुढे म्हणालो. त्यांनी तुकडे मुठीत मिटून घेतले.

"आवाज पायजे, गुरुजी. आवाज नाई तं मी तिकडं जाऊन काय करू?" ते म्हणाले. "तुमी बी.ए. झाले नं? करा काहीतरी."

मी पट्टीकडे पाहिलं. बी.ए.ला मी इंग्रजी कविता शिकलो होतो. त्या कवितांमध्ये पुष्कळ लोकांची मनं तुटली होती, पट्टी कोणाचीच नाही. शेवटी पेटीच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावरचा विलायतेचा पत्ता आम्ही उतरवून घेतला आणि मी चरखी करणाऱ्यांना पत्र लिहायला बसलो. त्या भागाला इंग्रजीत काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी त्याचं चित्र काढलं. डोमाजी मागे उभे राहून मजकूर सांगत होते.

"लिवा, साहेबाची तब्येत बरी हाये काय."

"डोमाजी, कारखानेवाले साहेबाला ओळखत नसतील."

"एकाच गावचे असतीन. लिवा. आन् लिवा, चरखी रोज वापरात हाये. एक दिवस खाडा नाई. आता खाडा पडून राह्यला."

मी तसंच्या तसं लिहिलं. पण पत्र जाऊन उत्तर यायला महिने लागणार हे त्यांना सांगायची मला हिंमत होईना. सांगितलं तेव्हा ते पडवीत जाऊन बसले. गुरुवारी पाळीवर गेले नाहीत. शुक्रवारी ब्रह्मपुरीच्या बाजारात एका घड्याळवाल्याकडे गेले आणि घड्याळातली पट्टी बसवून आणली. मूठ फिरवून मला ऐकवली. टिक, टिक, टिक.

"आला की आवाज," मी आनंदाने म्हणालो.

"हे तं कुजबुजते," डोमाजी म्हणाले. "हे पाण्यापलीकडं कसं जाईन?"

आवाज पाण्यापलीकडे कशाला जायला पाहिजे, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मी मान डोलावली. शनिवारीही ते घरीच होते. जेवले अर्धंच. मधलीला आणि धाकलीला तेल लावलं, थोरलीला हात लावला नाही.

रविवारी सकाळी मी उंबऱ्यावर वह्या तपासत होतो. डोमाजी आत पेज पीत होते. तेवढ्यात पाळीवरून पाच माणसं एका रांगेत येताना दिसली. दोघांच्या खांद्यावर ताजे तोडलेले हिरवे बांबू, तिसऱ्याकडे दोरी, चौथ्याच्या काखेत पांढरं कोरं कापड. सर्वांत पुढे एक उंच, वाळलेला म्हातारा. मला वाटलं, गावात कोणीतरी गेलं. मी उठून उभा राहिलो. ती माणसं आमच्याच अंगणात शिरली.

म्हातारा माझ्यासमोर थांबला. "केवा गेला?"

"कोण?"

"ज्याच्या घरी तुमी राह्यता तो."

"ते... कुठे नाही गेले. आतच आहेत."

"अजून आतच ठेवला?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "अंगणात आणाले चार माणसं नाई भेटले काय ह्या गावात?"

"अहो, ते पेज पिताहेत," मी म्हणालो.

बांबूवाल्या दोघांनी खाली मान घातली. नंतर कळलं की त्या चौघांना डोमाजी जिवंत असल्याचं ठाऊक होतं. त्यांच्यातल्या एकाने तर शुक्रवारी बाजारात त्यांच्याकडूनच चुना मागून घेतला होता. पण कवडूभाऊंसमोर डोमाजींचं नाव काढायचं कोणी? पहाटे कवडूभाऊंनी "बांबू तोडा" म्हटलं, त्यांनी तोडले. "चला" म्हटलं, ते चालले.

आतून डोमाजी दारात आले. मिशीला पेज लागलेली. दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले. अकरा वर्षांत दोघांचेही केस पांढरे झाले होते आणि बहुधा दोघांनाही ते आत्ताच दिसत होतं.

"बांबू कायले आणले?" डोमाजींनी विचारलं.

"आवाज काऊन बंद केला?" कवडूभाऊ म्हणाले.

"पट्टी तुटली."

"चार दिस!"

"आज धरून पाच."

"मी मोजत नाई बसलो."

"आताच तं चार म्हन्ला."

कवडूभाऊंनी तोंड फिरवलं. खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले आणि घाम पुसल्यासारखा तोच दुपट्टा मानेवरून फिरवला. थंडीचे दिवस होते.

मी दोघांच्या मध्ये वही घेऊन उभा होतो. दोन वर्षं मी ती हजेरी रोज ऐकली होती. ती कोणाच्या नावाची असते, हे मला तेव्हा कळलं.

डोमाजी भावाच्या पायांकडे पाहत म्हणाले, "पाय कुठी ठेवला, पाह्य."

कवडूभाऊंनी खाली पाहिलं. ते अंगणाच्या बरेच आत होते. शपथ मोडली होती.

"तू मेला असता तं कायद्यानं झालं असतं," ते पुटपुटले.

"मंग आता?"

"मंग आता काय? पाणी आण. चालून चालून घसा वाळला माहा."

डोमाजींनी पाण्याचा गडवा आणला. कवडूभाऊ उभ्यानेच प्यायले, गडवा परत दिला आणि आले तसे निघून गेले. मागोमाग ते चौघे, सुटल्यासारखे. तिरडीसाठी तोडलेला बांबू परत घरी नेत नाहीत, म्हणून बांबू आमच्या अंगणातच पडून राहिले. डोमाजींनी दुपारी ते रोवून त्यावर वालाचा मांडव केला. त्या वर्षी शेंगा इतक्या लागल्या की सगुणाबाई म्हणाल्या, "मरण्याच्या बांबूले असा बहर येते, तं माह्यासाठीई तोडा लेकहो दोन."

मला वाटलं, आता भावाभावांचं जुळलं. पण तसं काही दिसलं नाही. ना जेवणाचं बोलावणं, ना सणाला जाणं. एवढंच झालं की दुसऱ्या दिवसापासून डोमाजी पुन्हा पाळीवर जाऊ लागले. मधलीने नाहीतर धाकलीने मासे धरू लागले. हजेरी नाही. आणि थोड्या वेळाने पलीकडून एक डोंगा निघे. कवडूभाऊ बांबूने तो ढकलत तलावाच्या मध्यापर्यंत येत आणि ओरडत, "जिता हाये काय?"

"हाव!" डोमाजी इकडून ओरडत.

डोंगा परत फिरे. बस, एवढंच. पाण्यावर ऊन असो की धुकं, कवडूभाऊंच्या अंगात ताप असो की नसो.

पाच-सहा महिन्यांनी विलायतेहून एक लहानसं पाकीट आलं. गावात असं पाकीट कधी आलं नव्हतं. मी ते घेऊन शाळेतून जवळजवळ पळत घरी गेलो. आत मेणकागदात गुंडाळलेल्या दोन पोलादी पट्ट्या होत्या आणि एक चिठ्ठी. तिच्यात लिहिलं होतं: ह्या चरख्या आम्ही फार वर्षांपूर्वीच करायच्या सोडल्या, पण तुमचं चित्र पाहून आमच्या एका जुन्या कारागिराला आपल्या खणात ह्या सापडल्या. आमची ही चरखी अजून कोणी रोज वापरतं हे वाचून त्याला रडू आलं. पैसे पाठवू नयेत. तुमच्या साहेबांना आम्ही ओळखत नाही, त्याबद्दल क्षमा करावी. ज्याचं नावही मला ठाऊक नाही अशा त्या म्हाताऱ्या कारागिराचे आभार मी आजही मनात मानतो.

डोमाजींनी चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. एक पट्टी काढून थोरलीत बसवली. मूठ हळूच, अर्धीच फिरवली. कर्र. तोच जुना आवाज.

मग त्यांनी पट्टी पुन्हा काढली, मेणकागदात गुंडाळली, चामड्याच्या पेटीत सर्वांत खाली ठेवली आणि पेटी बंद केली.

मी गोंधळलो. "अहो, हिच्यासाठी तर तुम्ही जेवण सोडलं होतं!"

"हाव."

"मग?"

त्यांनी पेटी जागेवर सरकवली. नुसतं म्हणाले, "त्याईले लिवा, पोचली. आन् लिवा, कायद्यानं जपून ठेवली हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाराचं पत्र वाचून दाखवायला मी पाळीवर गेलो. डोमाजी मधली घेऊन बसले होते. बाजूला थोरलीही होती, मुकीच. पलीकडून डोंगा निघाला. मध्यावर आल्यावर नेहमीची हाक आली.

"जिता हाये काय?"

डोमाजींना ऐकू गेलं होतं, कारण त्यांची मान जराशी तिरपी झाली. पण ते काही बोलले नाहीत. दोऱ्याकडे पाहत राहिले.

"ए डोमा! जिता हाये काय बे?"

मी घाईने ओ द्यायला तोंड उघडलं. डोमाजींनी पाण्यावरची नजर न काढता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डोंगा क्षणभर थांबला. मग परत न फिरता आमच्या दिशेने येऊ लागला, आधी हळू, मग भराभर. बांबूचा पाण्यातला आवाज जवळ जवळ येत गेला. डोंग्याचं टोक काठाच्या चिखलात रुतलं आणि कवडूभाऊ धापा टाकत खाली उतरले, तेव्हा कुठे डोमाजी वळले, बाजूची थोरली उचलून मांडीवर घेतली आणि तिच्या जागी भावाला बसायला हात केला.

"हाव," ते म्हणाले. "जिता हाये."